लायसन्स ठेवण्याचं, झाडण्याचं नाही

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत तिसऱ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते मंडळाचे जुने सभासद असून ग्वाल्हेरच्या न्यायालयांत दीर्घकाळ फौजदारी वकिली करून निवृत्त झाले आहेत.)



गणपतीसमोर बंदुकीवर बोलायचं, हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ‘लोक आरतीला येतात, तुम्ही त्यांना दफा सांगणार?’ पण हा विषय मी निवडलेला नाही. तो आपल्याच सभासदांनी माझ्याकडे आणून दिला. दिवाळीनंतर आपल्या वस्तीत दोन-तीन घरफोड्या झाल्या, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर माझ्याकडे तीन माणसं येऊन गेली. एकाने विचारलं, ‘काका, बाराबोरचं लायसन्स काढू का?’ दुसरे म्हणाले, ‘वडिलांची दुनाली आहे, चोर आत शिरला तर कायद्याने उडवता येतो ना?’ तिसऱ्या आल्या एक काकू. यजमान जाऊन दोन वर्षं झाली, बंदूक अजून कपाटात साड्यांच्या मागे उभी. त्यांनी विचारलं, ‘तिचं मी काय करू?’

तिघांनाही ओसरीवर बसून जे सांगितलं, तेच आज सगळ्यांना सांगतो.

आपण ग्वाल्हेरकर. बंदूक आपल्याला नवी नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की बँकेच्या रांगेत खांद्यावर दुनाली अडकवलेला माणूस पाहून दचकतात. आपण ‘जरा पुढे सरका भाईसाहब’ म्हणतो. भिंड, मुरैना, ग्वाल्हेर हा सगळा पट्टा लायसन्सांसाठी प्रसिद्ध आहे आणि त्याला कारणही होतं. बीहडातल्या बागींचा काळ माझ्या पिढीने पाहिलेला आहे. १९७२ साली जौरा इथे जयप्रकाशजींच्या उपस्थितीत बागींनी शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा मी शाळेत होतो. मलखानसिंगचं समर्पण १९८२ चं, फूलनदेवीचं १९८३ चं. त्या दिवसांत गावाबाहेरच्या घरात बंदूक असणं ही शेखी नव्हती. आपल्या सरदार-जहागीरदार घराण्यांत तर दसऱ्याला तलवारीबरोबर तिचीही पूजा होत आली. त्यामुळे एक समज आपल्या मनात खोल बसला आहे: लायसन्स मिळालं म्हणजे घराच्या रक्षणासाठी गोळी झाडण्याची परवानगी मिळाली.

माझ्या वकिलीत या एका समजापायी मी चांगली माणसं तुरुंगात गेलेली पाहिली. लायसन्स बंदूक ठेवण्याचं असतं. ती झाडण्याची परवानगी कलेक्टर देत नाही, कोणीच आधी देत नाही. तो हक्क एका विशिष्ट क्षणी जन्मतो आणि तो क्षण सरला की मरतो. तो केव्हा जन्मतो आणि केव्हा मरतो, एवढंच आज बघायचं.

आधी कायद्याची बाजू. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात ९६ ते १०६ या कलमांत जे होतं, ते नव्यात ३४ ते ४४ मध्ये आहे. आकडे बदलले, आशय बहुतेक तोच राहिला. त्याचं नाव ‘खाजगी संरक्षणाचा हक्क’. आपल्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं आणि मालमत्तेचं रक्षण करताना केलेलं कृत्य गुन्हा नाही, असं हा कायदा स्पष्ट म्हणतो.

हा हक्क कंजूष नाही, हेही सांगितलं पाहिजे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मूळ मसुदा केला, तेव्हा त्यांनी लिहून ठेवलं होतं की या देशातली माणसं अन्याय फार मुकाट सोसतात, तेव्हा हा हक्क आवळण्यापेक्षा लोकांमध्ये प्रतिकाराची धमक यावी हे बरं. म्हणजे इंग्रजांनी हक्क कागदावर उदारपणे दिला. पुढे १८७८ मध्ये लिटनच्या शस्त्र कायद्याने हातातलं हत्यार काढून घेतलं, तो भाग निराळा. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी सांगितलं आहे की हल्ला झाल्यावर माणसाने पाठ दाखवून पळावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. जीव धोक्यात असताना त्याने प्रत्येक घाव सोन्याच्या काट्यावर तोलावा, अशीही अपेक्षा नाही.

मग मर्यादा कुठे आहेत? कलम ३७ मध्ये. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला त्यातल्या दोन गोष्टी पाठ हव्यात. एक, पोलिसांची किंवा सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही. दोन, बचावासाठी जेवढी इजा आवश्यक तेवढीच करता येते, त्याहून अधिक नाही. पुढचं प्रत्येक कलम या दोन अटींच्या दाव्याला बांधलेलं आहे.

आता मी तुम्हाला एका वाड्यात नेतो. वाडा आपल्या लष्करातलाच समजा. रात्रीचे दोन. चोर फाटकाशी आहे, मग अंगणात, मग खिडकीशी, मग माजघरात आणि शेवटी पळतोय. तुम्ही वर गच्चीवर, हातात भरलेली बंदूक. चोर जसा पुढे सरकतो, तसा तुमचा हक्क बदलत जातो.

फाटकाबाहेर माणूस घुटमळतोय. संशय आहे, पण गुन्हा अजून नाही. इथे बंदुकीचं कामच नाही. दिवा लावा, हाक मारा, ११२ ला फोन करा.

तो फाटक ढकलून अंगणात आला. तुमची स्कूटर काढतोय. हे अतिक्रमण झालं, चोरी झाली. तुम्हाला मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क आहे. त्याला धरा, ढकला, गरज पडली तर काठीही चालवा. पण कलम ४२ सांगतं की साध्या चोरीला आणि साध्या अतिक्रमणाला तुमचा हक्क मृत्यूपर्यंत जात नाही. स्कूटरसाठी माणूस मारता येत नाही. इथे लोक म्हणतात, ‘आम्ही पायावर मारू.’ अंधारात, घाबरलेल्या हाताने, गच्चीवरून, हलणाऱ्या माणसाच्या पायावर! बाराबोरचे छर्रे पसरतात. मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत माणूस संपतो. न्यायालयात बंदूक हे प्राणघातक हत्यारच धरलं जातं, तुम्ही नेम कुठे धरला होता ते पुढचं.

आता तो खिडकीचे गज वाकवतोय, किंवा दाराचं कुलूप फोडतोय. इथे कायद्याची पायरी बदलते. कलम ४१ प्रमाणे चार परिस्थितींत मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क समोरच्याच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला आगीने वा स्फोटकाने केलेली नासधूस, आणि चौथी म्हणजे अशी चोरी, नासधूस किंवा गृह-अतिक्रमण की आपण काही केलं नाही तर कोणाचा जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल, अशी वाजवी भीती वाटावी. रात्रीची घरफोडी या यादीत आहे आणि हेच ऐकून लोक खूश होतात. पण दोन गोष्टी सुटतात. पहिली, ‘घरफोडी’ हा शब्द कायद्यात मोजून वापरलेला आहे. कुलूप तोडून, भोक पाडून, माणसाने शिरण्यासाठी नसलेल्या वाटेने, जोर किंवा धाक वापरून शिरणं ही घरफोडी. उघड्या राहिलेल्या दारातून आत आलेला माणूस सरसकट त्यात बसत नाही. दुसरी, या कलमाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं आहे की हे सारं कलम ३७ च्या मर्यादेत. म्हणजे रात्रीची घरफोडी झाली तरी ‘आवश्यक तेवढीच’ ही अट उठत नाही. तुम्ही ओरडलात, दिवे लागले आणि तो गज सोडून उडी मारून निघाला, तर गोळी आवश्यक राहिली नाही.

तो आत आला. माजघरात आहे, हातात सुरा आहे, समोर तुमची सून आणि नातू. इथे मालमत्ता बाजूला पडते आणि शरीराच्या रक्षणाचा हक्क उभा राहतो, कलम ३८. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडचा हल्ला, अशा प्रसंगांत हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. इथे तुम्ही थांबायचं नाही. त्याने आधी वार करावा याची वाट बघा, असं कायदा कुठेच म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल वाचण्यासारखा आहे. शेतीच्या वादात बापावर गंडाशाचा घाव पडला, मुलाने लायसन्सच्या बंदुकीने गोळी झाडली, माणूस मेला. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. बापाचा जीव जाईल ही भीती त्या क्षणी खरी होती, म्हणून.

आणि शेवटची जागा. चोर पळतोय. गाठोडं घेऊन असेल, न घेता असेल. तुमच्याकडे त्याची पाठ आहे.

मित्रांनो, माझ्याकडे आलेल्या घर-रक्षणाच्या खटल्यांत घोटाळा झाला तो बहुतेक इथे. पाठ दिसली की हक्काला ओहोटी लागते. घरफोडीविरुद्धचा हक्क तो घरात आहे तोवरच. चोरीचा माल परत मिळवण्यासाठी तुम्ही त्याच्यामागे धावू शकता, धरू शकता. पण मागून गोळी घालू शकत नाही. १९६३ च्या अहवालातला जयदेव विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल जुना, पण आजही न्यायालयांत दाखवला जातो. तोही शेताच्या वादाचा. जमाव अंगावर येत होता तोवर हक्क होता. लोक पळू लागल्यावरही बंदुका चालत राहिल्या आणि तिथे हक्क संपला. आरोपी दोषी ठरले.

माझा एक अशील होता. नाव-गाव सांगत नाही. सज्जन माणूस, शाळेत शिकवायचा. रात्री घरात चोर शिरला, बायकोच्या गळ्याला हात घातला, मंगळसूत्र ओढलं. याने बंदूक काढेपर्यंत चोर भिंतीवर चढला होता. याने झाडली. मला पहिल्या भेटीत म्हणाला, ‘वकीलसाहेब, चार सेकंदांचा तर फरक!’ खरंच चार सेकंदांचाच होता. बायकोच्या गळ्यावर हात होता तेव्हा झाडली असती, तर मी ताठ मानेने उभा राहिलो असतो. शवविच्छेदनात छर्रे पाठीत निघाले. त्यावर वर्षानुवर्षं खटला चालला. शेवटी खून नव्हे, सदोष मनुष्यवध ठरला, कारण सद्भावनेने पण हक्काची मर्यादा ओलांडून मृत्यू घडवला तर तो खून धरत नाहीत, असा अपवाद कायद्यात आहे. नव्या संहितेत तो कलम १०१ खाली आहे. शिक्षा कमी झाली. पण नोकरी गेली, मुलीचं लग्न लांबलं आणि ते मंगळसूत्र पुराव्याच्या पाकिटात सील होऊन कोर्टाच्या मालखान्यात पडून राहिलं.

आता पुराव्याचं. अनेकांना वाटतं, आपल्या घरात आपण आणि चोर, तिसरा कोण बघतो? बंदूक बघते. गोळी जवळून सुटली तर जखमेभोवती भाजल्याच्या आणि दारूच्या खुणा राहतात. लांबून सुटली तर छर्रे किती पसरले त्यावरून अंतराचा अंदाज येतो. पोकळ काडतूस कुठे पडलं, रक्ताचा पहिला थेंब कुठे, जखम पुढून की मागून, हे सगळं पंचनाम्यात येतं. आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. तो सरकार पक्षाइतका जड नसतो. संभव तुमच्या बाजूने जास्त दिसला तरी पुरतो. पण तुम्हाला आधी अटक होऊ शकते, बंदूक जप्त होते आणि हे सिद्ध करण्याचं सगळं त्यानंतर येतं.

म्हणून एक कळकळीची विनंती. असा प्रसंग देव न करो, पण आलाच, तर गोळीनंतर पहिला फोन ११२ ला करा आणि जखमी माणसासाठी रुग्णवाहिका मागवा, तो चोर असला तरी. काहीही हलवू नका. बंदूक पुसू नका. आणि कोणी शहाणा शेजारी ‘त्याच्या हातात सुरी ठेवा’ म्हणाला, तर त्याला घराबाहेर काढा. खरी बाजू असलेले खटले मी अशा ठेवलेल्या सुरीपायी हरताना पाहिले आहेत. एक खोटं सापडलं की न्यायाधीश तुमच्या खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही.

चोर हाती लागला तर? तुमच्यासमोर असा गंभीर गुन्हा घडला तर तुम्ही त्याला धरून ठेवू शकता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली केलं पाहिजे. खांबाला बांधून चौकातल्या मुलांनी चोपणं, हे स्वसंरक्षण नाही. बांधलेल्या माणसापासून कसलं संरक्षण?

आता लायसन्सविषयी थोडं, कारण काकूंचा प्रश्न बाकी आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ चा, नियम २०१६ चे, मोठी दुरुस्ती २०१९ ची. त्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका राहू शकतात आणि लायसन्सची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. एकवीस वर्षांखालच्याला लायसन्स नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची, ज्याला इथे ‘हर्ष फायर’ म्हणतात, त्याची गोष्ट तर आता थेट कायद्यात आली: इतरांची सुरक्षितता धोक्यात घातली तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बिनलायसन्सचा कट्टा घरात सापडला, तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं. त्या कट्ट्याने तुम्ही खरोखर स्वतःचा जीव वाचवला असेल, तर खुनाच्या आरोपातून सुटाल. पण कट्टा बाळगल्याचा गुन्हा स्वतंत्र उभा राहतो.

लायसन्स माणसाचं असतं, घराचं नसतं. वडिलांच्या नावाची बंदूक वडील गावाला गेल्यावर मुलाची होत नाही. आणि यजमान गेले की बायकोचीही आपोआप होत नाही. ती जवळच्या ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची. मग वारसापैकी कोणाला हवी असेल तर त्याने आपल्या नावाने लायसन्ससाठी अर्ज करायचा. लायसन्सधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे बंदूक पंचवीस वर्षं राहिली, तर त्याच्या हयातीतही वारसाला अर्ज करता येतो. आपल्या मंडळात सत्तरी ओलांडलेले आणि घरी दुनाली असलेले कमीत कमी सातजण मला या क्षणी दिसताहेत. त्यांनी हे काम उद्याच मुलाशी बोलून मार्गी लावावं. मागून मुलांना आणि सुनांना ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावू नका. काकूंनी जमा केली. भीत भीत गेल्या होत्या. ठाण्यातल्या मुन्शीने खुर्ची दिली, चहा पाजला, पावती दिली. म्हणाल्या, ‘दोन वर्षांनी आज कपाट सरळ उघडलं.’

ज्याने ‘लायसन्स काढू का’ विचारलं, त्याला मी नाही म्हटलं नाही. ज्याला खराखुरा धोका आहे, त्याने अर्ज करावा. कायद्यात त्याची सोय आहे. पण आधी मी त्याला विचारलं, दाराला आतून साखळी आहे का? मागच्या बोळात दिवा आहे का? शेजाऱ्यांचे नंबर फोनमध्ये आहेत का? तिन्हीचं उत्तर ‘नाही’ आलं.

आता शेवटचं. हे मी आजवर चारचौघांत कधी बोललो नाही.

१९७९ चा हिवाळा. मी तेवीस वर्षांचा, वकिलीचं शिक्षण चालू. वडील भोपाळला गेलेले. वाड्यात आजोबा, आई आणि मी. त्या आठवड्यात गल्लीत चोरी झाली होती. रात्री मागच्या भिंतीवरून कोणीतरी उडी मारल्याचा आवाज आला. मी वडिलांची दुनाली काढली, दोन्ही नळ्या भरल्या आणि जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. लायसन्स वडिलांचं, हात माझा. खाली अंधारात एक आकृती दबक्या पावलांनी जिना चढायला लागली. मी घोडा चढवला. बोट चापावर होतं. मागून आई आली. तिने काही पाहिलं नव्हतं. फक्त जिन्यावरचं पाऊल ऐकलं आणि म्हणाली, ‘अरे, बाळ आला वाटतं.’

माझा धाकटा भाऊ. झाशीला मॅच खेळायला गेला होता. गाडी रात्री उशिरा आली, आजोबा उठून रागावतील म्हणून दार न वाजवता भिंतीवरून आला.

नंतर वकील झालो तेव्हा त्या रात्रीचा खटला मी मनात पुष्कळदा चालवला. वस्तुस्थितीविषयी प्रामाणिक गैरसमज झाला असेल तर कायदा माफ करतो, हे खरं. पण तो गैरसमज ‘सद्भावनेने’ झालेला हवा, आणि कायद्यात सद्भावना म्हणजे योग्य ती काळजी व दक्षता घेऊन केलेलं कृत्य. सरकारी वकिलाने मला तीनच प्रश्न विचारले असते. दिवा लावलात का? ‘कोण आहे’ म्हणून हाक मारलीत का? घरातलं कोण बाहेर आहे, याची आठवण केलीत का? तिन्हीला माझं उत्तर ‘नाही’ होतं. समजा, न्यायालयाने मला तरीही सोडलं असतं. मी त्याच वाड्यात, त्याच जिन्याने आईसमोर रोज कसा गेलो असतो?

आईने त्या रात्री बंदूक माझ्या हातून घेतली, मला दूध गरम करायला सांगितलं आणि वडिलांना शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. भावालाही नाही. त्याला ही गोष्ट मी या वर्षी, या भाषणाची तयारी करताना, पहिल्यांदा सांगितली. तो खूप वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘दादा, मला तेव्हा वाटलं होतं तू माझ्यावर रागावून जिन्यात उभा आहेस.’ तो आज तिसऱ्या ओळीत बसला आहे. शेजारी त्याची नातवंडं आहेत.

म्हणून सांगतो, ज्यांच्या घरी बंदूक आहे, त्यांनी ती कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा आणि लायसन्सची तारीख आज घरी गेल्यावर बघा. रात्री आवाज आला तर आधी दिवा, मग हाक, मग फोन. कोणी तरीही सुरा घेऊन तुमच्या माणसांवर चालून आला, तर कायदा तुमच्या मागे उभा आहे, डगमगू नका. आणि त्याने पाठ फिरवली, तर जाऊ द्या. दागिने पुन्हा होतात.

मुलं आता आरतीसाठी खोळंबली आहेत, ताटं लागलेली दिसताहेत. ज्यांना कागदपत्रांविषयी विचारायचं आहे, त्यांनी प्रसादानंतर मला गाठावं. मी दहापर्यंत इथेच आहे.

गणपती बाप्पा मोरया!